कामेईच्या विहिरीचा श्वास

कॉफीचं पहिलं भांडं उतरलं की शिझुए इनाबा एप्रनला हात पुसायची, दुकानाचं दार लोटून घ्यायची आणि समोरच्या बोळातून देवळात जाऊन यायची. कारण एवढंच, की वरच्या माळ्यावर अंथरुणाला खिळलेली तिची आई रोज डोळे उघडल्याबरोबर एकच गोष्ट विचारायची.

"श्वास घेतेय का गं ती?"

"बघून येते."

ती म्हणजे देवळातली विहीर.

कामेईचं देऊळ क्योतोच्या ऐन बाजारात होतं. एका बाजूला औषधांचं झगमगीत दुकान, दुसऱ्या बाजूला मोज्यांचं, आणि मधल्या बोळाच्या तोंडाशी दगडी कमान. बाजार इतका अंगावर आला होता, की कमानीच्या आडव्या दगडाची दोन्ही टोकं शेजारच्या भिंतींत शिरली होती. मोजेवाल्याच्या दुकानात ते टोक आतून दिसायचं, आणि त्याने त्यावर लहान मुलांचे हातमोजे वाळत घातल्यासारखे मांडून ठेवले होते. बोळ संपला की मात्र आवाज एकदम खाली बसायचा. कापराचं जुनं झाड, शेवाळलेल्या पायऱ्या, ओल्या दगडाचा वास. आणि झाडाखाली, बुजवलेल्या विहिरीच्या मधोमध, गुडघ्याएवढी उभी बांबूची नळी.

याच विहिरीच्या पाण्यावर शिझुएच्या वडिलांनी कॉफीचं दुकान काढलं आणि नावाला आणलं. मग देवळाच्या मागे हॉटेल उभं राहिलं. त्याचा पाया विहिरीच्याही खाली गेला, पाणी आधी गढूळ झालं, मग गंजासारखं लाल. म्हाताऱ्या पुजाऱ्याने विहीर बुजवली, पण रीतीने बुजवली. मीठ, तांदूळ, मद्य वाहिलं, हात जोडून माफी मागितली आणि तळापर्यंत पोचणारी पोकळ नळी मध्ये उभी ठेवली. विहीर बुजवावी लागली तरी तिचा श्वास कोंडायचा नाही, ही तिकडची जुनी चाल. जिने पिढ्यान् पिढ्या पाणी पाजलं, तिचं नाकतोंड दाबून कसं चालेल?

नळीच्या तोंडावर शिझुए तळहात धरायची. खालून गार, ओलसर हवा लागायची. थांबायची. पुन्हा लागायची.

"घेतेय," ती परत येऊन सांगायची.

"मग मीही घेते," आई म्हणायची आणि नाकातली ऑक्सिजनची नळी नीट करायची.

आईचं, तोकुएचं, हे बोलणं थट्टेचं नव्हतं. जन्मली तेव्हा ती रडली नव्हती. निळी पडलेली पोर सुइणीने कपड्यात गुंडाळूनही ठेवली होती. तेव्हा तोकुएची आजी अनवाणी देवळात धावली आणि विहिरीत वाकून तिने हाक मारली. जीव निघून चालला असेल तर विहिरीत तोंड घालून त्याचं नाव घ्यायचं, म्हणजे तो वाटेतून मागे वळतो, असं तिथली जुनी माणसं मानत. पोरीला अजून नाव नव्हतं. आजीने धावता धावता सुचलं ते हाकारलं. इकडे घरात गुंडाळलेला कपडा हलला.

"माझं नाव माझ्याआधी विहिरीने ऐकलं," तोकुए सांगायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं, की शेजारचा छत्र्यांचा दुकानदार होरिए कॉफी ढवळत तिच्याआधी ते वाक्य म्हणून टाकायचा.

वसंतात म्हातारा पुजारी गेला आणि त्याचा पुतण्या कुवाबारा आला. हा माणूस आधी कुठल्याशा कंपनीत होता. चेहरा गोड, कपड्यांना इस्त्री, बोलणं मऊ. वाकायचा इतका, की समोरच्याला आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं. त्याने देऊळ झाडून घेतलं, दिवे बदलले, आणि एक दिवस शिझुएने पाहिलं तर नळीला गवताचा पवित्र दोर गुंडाळलेला, त्यातून पांढऱ्या कागदाच्या घड्या लोंबणाऱ्या आणि बाजूला सुबक अक्षरांतली पाटी: ‘देवाचा श्वास’.

"हे कशाला?" तिने होरिएला विचारलं. तो देवळाच्या मंडळावर होता.

"छान दिसतंय की. लोक फोटो काढतायत."

"होरिएकाका, ती श्वास घ्यायची नळी आहे. तिला कशाला सजवायची?"

"अगं पोरी, एवढीशी बांबूची नळी. आधी तिला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. आता मान मिळाला तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

मानच नडला. साध्या बांबूला कुणी हात लावला नसता. दोर दिसला की त्या लोकांचा हात आपोआप जोडला जातो, आणि हात जोडला की मागणं आलंच. देवळात भाकिताच्या चिठ्ठ्या मिळतात. अशुभ निघाली तर ती तिथेच दोरीला किंवा फांदीला बांधून मोकळं व्हायचं, घरी न्यायची नाही. पण आता कुणा एकाने अशुभ चिठ्ठीची सुरळी करून नळीत सोडली. देवाने श्वासाबरोबर ओढून घ्यावी म्हणून. त्याच्या मागच्याने पाहिलं, त्याच्या मागच्याने पाहिलं. शरद ऋतू रंगात आला, पानं लाल झाली, गर्दी वाढली, आणि कमानीपर्यंत रांग लागायला लागली. हॉटेलातले पाहुणे, शाळेच्या सहली, नटूनथटून आलेल्या मुली. सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे. सगळे वाकणार, टाळ्या वाजवणार आणि आपापलं दुर्दैव त्या विहिरीच्या नरड्यात कोंबणार.

सकाळच्या वेळी शिझुएच्या तळहाताला लागणारी हवा कमी कमी होत गेली. तिने कुवाबाराला सांगितलं.

"इनाबाकाकू, तुमच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला आणि वाकला.

"भावना जाऊ द्या. नळी तुंबलीय."

"आपण इतक्या आपुलकीने लक्ष घालता, खरंच आभारी आहे. मंडळापुढे ठेवतो."

"ठेवू नका. साफ करा. वाकून पाहिलंत तर दिसेल."

"अवश्य विचार करू."

क्योतोत ‘विचार करू’ म्हणजे काय, हे तिथल्या पोरालाही कळतं. शिझुए परत आली आणि तिने कपबशा अशा धुतल्या, की दोन कपांचे कान उडाले.

आई मात्र खरोखर खंगत होती. डॉक्टरांनी यंत्राचा काटा वाढवला. ओठ निळसर दिसायला लागले. बोलताना ती वाक्याच्या मध्येच थांबायची, जणू कुणी तोंडावर हात ठेवला, आणि मग सोडून दिलेलं वाक्य पुन्हा उचलायची.

त्या दिवशी दुपारी शिझुए तिला पेज भरवत होती. आईला ठसका लागला. पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं, ठसका थांबेना. मग घशातून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि आईने शिझुएच्या तळहातावर थुंकलं.

ओल्या कागदाची बारीक सुरळी होती.

शिझुएला वाटलं, कागदी रुमालाचा तुकडा गिळला असेल. तिने नखाने ती उलगडली. शाई धुऊन गेली होती. पण कोपऱ्यातला तांबडा शिक्का अजून ओळखू येत होता. कासवाचा. कामेईचा शिक्का. आणि त्याखाली, भाकिताच्या चिठ्ठीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात ते, अर्धवट पुसलेलं: महाअशुभ.

"आई... हे कुठून आलं?"

तोकुए उशीला टेकून हळूहळू श्वास घेत होती. "खूप आहेत गं," ती म्हणाली. "खाली... खूप साचलेत..."

तिला पुन्हा ठसका लागला.

शिझुएने रुग्णवाहिकेला फोन केला. होरिएला हाक मारून आईपाशी बसवलं. आणि मग दुकानातून उंच पेल्यातल्या सोड्याचा लांब दांड्याचा चमचा आणि पाव भाजायचा चिमटा उचलून ती तशीच एप्रनवर बोळात धावली. आई घुसमटत असताना मुलगी देवळात पळते, हे लोक काय म्हणतील, याचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला. पण त्याच्या दुप्पट राग आला होता.

"बाजूला व्हा," तिने रांगेला सांगितलं.

"रांग आहे, बाई," नळीपाशी उभी असलेली मुलगी नम्रपणे म्हणाली. तिच्या हातात सुरळी तयार होती.

शिझुएने ती सुरळी तिच्या बोटांतून काढून घेतली आणि तिच्याच पिशवीत टाकली. "हे घरी घेऊन जा. तुझं तू भोग."

तिने दोर ओढून काढला, गुडघे टेकले आणि चिमटा आत घातला. कागद निघू लागले. आधी कोरडे, मग ओले, मग लगद्यासारखे गच्च. त्यांच्याबरोबर वास आला. कुजलेल्या पानांचा नव्हे. आजाऱ्याच्या खोलीतला, उशीचा, मलमाचा, तोंडाला कोरड पडल्यावर येतो तो. आईच्या खोलीचा वास.

कुवाबारा धावत आला. धावतानाही त्याने झग्याची टोकं नीट धरली होती.

"काकू... कृपा करून... पाहुणे बघतायत..."

"बघू देत. बघायलाच आलेत ना?"

"ही पूजेची जागा आहे."

"नाही, पुजारीबुवा. ही नाकपुडी आहे. तुमच्या काकांना कळत होतं, आणि ते कधी तुमच्याइतके वाकत नव्हते."

चमच्याचा दांडा संपला. खाली अजून काहीतरी अडकलं होतं, पण आता मधून बारीकशी वाट झाली असावी. शिझुए आडवी झाली, नळीच्या तोंडाला तोंड लावलं आणि जीव खाऊन हाक मारली.

"तोकुए!"

आईला नावाने हाक मारण्याची तिची ती पहिलीच वेळ. रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. कापराच्या झाडावरचे कावळे उडाले.

"तोकुए... परत फिर..."

आत खूप खाली लगदा सुटून पाण्यात पडल्यासारखा आवाज झाला. पाणी तर तिथे उरलंच नव्हतं. मग एक लांब श्वास वर आला आणि शिझुएचे केस कपाळावरून उडाले. आणि त्या श्वासामागून, स्वयंपाकघरातून हाकेला ओ द्यावी तसा, अगदी सहज, आईचा आवाज आला.

"इथेच आहे गं..."

शिझुएने वर पाहिलं. कुवाबारा तिच्याकडे बघत नव्हता. नळीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच गोड नव्हता.

"तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पुन्हा घडी घातल्यासारखा नीट झाला. "आपण फार दमला आहात, काकू," तो म्हणाला आणि वाकला.

ती घरी पोचली तेव्हा रुग्णवाहिकेची माणसं जिना उतरत होती. काही झालंच नव्हतं म्हणाली. आई उठून बसली होती आणि होरिएला सांगत होती की त्याच्या दुकानातल्या छत्र्या दोन पावसाळ्यांत मोडतात.

"एकदम लाली आली बघ तोंडावर," होरिए म्हणाला. "मी ती गेली म्हणून... डोळे मिटवायला हात पुढे केला होता. आणि ही मला म्हणते, होरिए, हात धुतलेस का?"

थंडी पडेपर्यंत तोकुए इतकी सुधारली, की ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं. डॉक्टरांनी ‘कमाल आहे’ असं म्हटलं. फक्त छातीला नळी लावून ते जरा जास्त वेळ ऐकत राहिले, नळी बदलून पुन्हा ऐकलं, आणि नळ्या हल्ली चांगल्या येत नाहीत म्हणाले. शिझुए रोज सकाळी देवळात जात होती. नळीतून हवा येत होती, भरपूर. पण आई आता विचारत नव्हती. एकदा तिनेच सांगितलं, "घेतेय हं." आई म्हणाली, "माहीत आहे मला."

मग वर्षअखेरीला कुवाबारा मिठाईचा डबा घेऊन दुकानात आला. मंडळाने विचार केला होता. काकूंची सूचना अगदी योग्य होती, नळीत कचरा जातो, तेव्हा तिच्यावर झाकण बसवायचं ठरलं होतं. काशाचं, कासवाच्या आकाराचं, खाली सिमेंट भरून पक्कं.

"झाकण?" शिझुए म्हणाली. "जाळी बसवा. जाळी का नाही?"

"जाळी देवळाला शोभत नाही, असं मंडळाला वाटलं."

"होरिएकाका, तुम्ही होतात तिथे? तुम्ही काय म्हणालात?"

होरिए कॉफीच्या कपात बघत राहिला. "सगळे हो म्हणाले, शिझु. एकट्याने कसं..."

"आई निळी पडली तेव्हा खोलीत तुम्ही बसला होतात."

"म्हणूनच तर," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच बंद केलेलं बरं."

कुवाबाराने डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला. "आणि एक विनंती आहे. आपल्या मातोश्री या वस्तीतल्या सगळ्यात वडील. झाकणावरचं वस्त्र त्यांच्या हस्ते काढावं अशी सर्वांची इच्छा आहे."

"नाही," शिझुए म्हणाली.

"येईन की," वरून जिन्यातून आईचा आवाज आला. "मान देतायत तर नाही कशाला म्हणायचं?"

शिझुएने नगरपालिकेच्या कचेरीत फोन केले. देवळाचा खाजगी मामला आहे, असं उत्तर मिळालं, तेही फार नम्रपणे. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून पाहिलं. सगळे मान डोलवत, चहा देत, आणि आईची तब्येत कशी छान सुधारली म्हणत. कुणी एकाने तिला सरळ मूर्ख म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कडाक्याची थंडी होती. छपरांवर हिमाचा पातळ थर. कमानीपासून देवळापर्यंत माणसांची दाटी, हातांत गरम, गोड आमाझाकेचे पेले, आणि प्रत्येकाच्या तोंडातून पांढरी वाफ. शिझुएने आईची चाकांची खुर्ची ढकलत आणली. लोकांनी वाट दिली. नळीपाशी पांढऱ्या वस्त्राने झाकलेलं काशाचं कासव एका चौरंगावर ठेवलं होतं. बाजूला गवंडी बादलीत सिमेंट कालवत होता.

"आजी, या वर्षी तरी माझी छत्री घ्याल ना?" होरिए उगाच मोठ्याने म्हणाला. त्याच्या तोंडासमोर वाफेचा गोळा उभा राहिला.

"तुझ्या छत्रीपेक्षा केळीचं पान बरं," तोकुए म्हणाली आणि हसली. सगळे हसले.

शिझुए आईच्या तोंडाकडे बघत होती. आई बोलत होती, हसत होती, थंडीने तिचं नाक लाल झालं होतं. आणि तिच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

वाफ नळीतून येत होती.

आधी तिने स्वतःला समजावलं. विहिरीची हवा हिवाळ्यात कोमट असते, वाफ दिसायचीच. मग आई म्हणाली, "किती गर्दी झालीय बाई," आणि नळीच्या तोंडाशी चार लहान पांढरे ढग उठले. शब्दाला एक. आई गप्प झाली. नळी गप्प झाली.

शिझुएने जवळ जाऊन रोजच्यासारखा तळहात नळीवर ठेवला.

"आणि पुजारीबुवा, तुमचे काका फार..." आई म्हणाली, आणि थांबली. ओठ उघडेच राहिले. डोळे उघडे, समोर. त्यांत काहीच नव्हतं, कपड्यात गुंडाळून ठेवलेल्या पोराच्या डोळ्यांत असतं तेवढंच.

शिझुएने हात उचलला.

"...चांगले होते हो," आईने वाक्य पुरं केलं आणि सगळ्यांकडे बघून हसली.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. होरिएच्या आलं होतं. तो मान फिरवून झाडाकडे बघायला लागला.

ढोल वाजला. कुवाबाराने मंत्र म्हटले. तोकुएने वस्त्र ओढलं, टाळ्या झाल्या, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या दोघांनी कासव उचललं. गवंड्याने थापी हातात घेतली.

शिझुए गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांचं कडं नळीच्या तोंडाभोवती घातलं. असं, की आत हवा जावी आणि वर झाकण बसू नये.

"काकू," कुवाबारा हळूच म्हणाला. "जरा हात बाजूला घेता का?"

ती हलली नाही.

"लोक खोळंबलेत, काकू. जरा हात..."

"पुजारीबुवा, तुम्ही त्या दिवशी ऐकलं होतंत. इतक्या माणसांसमोर एकदा सांगा, काय ऐकलंत ते."

तो वाकला. खूप खाली, खूप वेळ. सरळ झाला तेव्हा चेहऱ्यावर तेच गोड हसू होतं. "थंडी फार आहे," तो म्हणाला. "आपल्याला त्रास होईल. कृपा करून हात बाजूला घ्या."

कासव तिच्या बोटांच्या वर येऊन थांबलं होतं. त्याची थंडी नखांना लागत होती. मागे खुर्चीत आई कुणालातरी सांगत होती, माझं नाव माझ्याआधी विहिरीने ऐकलं, आणि शिझुएच्या दोन मनगटांच्या मधून शब्दागणिक कोमट वाफ वर येत होती. तिचे हात बधिर होत चालले होते. उजवी करंगळी तेवढी नळीच्या काठावरून आत लोंबत होती.

ती करंगळी आतून कुणीतरी धरली. अगदी चिमुकल्या, ओल्या बोटांनी. नुकतं जन्मलेलं मूल धरतं तशी, घट्ट.